चौथं बोर

संक्रांत जवळ आली की आमच्या घरात दोन आवाज सुरू होतात. एक कढईत तीळ तडतडल्याचा आणि दुसरा स्टीलवर स्टील आपटल्याचा. पहिला सगळ्यांच्या घरी असतो, दुसरा फक्त आमच्याकडे. आई जेवणाच्या टेबलाशी बसून तीन फुलपात्रं उलटी मांडते, उचलते, एकात एक घालते, परत मांडते. टक, टक, टक. सकाळी मी ऑफिसच्या घाईत, केस ओले, डबा भरतेय, आणि हे टक टक डोक्यात जातं. "आई, जरा थांब ना गं." ती थांबते. मी चप्पल घालून दार ओढून घेतलं की आत परत टक.

थंडी म्हणाल तर घाटकोपरची थंडी ती काय. पंखा एकवर, चादर पायापुरती, सकाळी नळाचं पाणी बोटांना जरा झोंबतं, झाली थंडी. पण त्या दोन-तीन आठवड्यांत हवा वेगळी असते हे खरं. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गुजराती गाणी लागतात, आमच्या खिडकीच्या ग्रिलला तुटलेला मांजा अडकून राहतो. भाजीवालीकडे बोरं, ओला हरभरा, गाजरं, उसाचे करवे, सगळं एकाच टोपलीत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची भांड्यांची दुकानं फूटपाथवर उतरतात. गाळण्या, डबे, बाटल्या, मग, डझनावारी रचून ठेवलेले. बायका एकेक उचलून बुडावर टिचकी मारून बघतात, कारण हळदीकुंकवाचं वाण घ्यायचं असतं आणि वाणाला पातळ पत्र्याचं भांडं दिलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात.

मला या सगळ्याचा राग होता. खोटं कशाला सांगू? संसार आटोपून मी आईबाबांकडे परत आले त्याला बारा वर्षं झाली. आटोपून म्हणते, कारण मोडून म्हटलं की लोक मान तिरकी करून बघतात. हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हा प्रश्न बिल्डिंगमधल्या बायकांना पडायच्या आत मीच तो सोडवून टाकला. बोलावलं तरी जायचं नाही. त्या दिवशी मी अंधेरीच्या ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघायचे. असल्या फालतूपणात मला इंटरेस्ट नाही, असं चारचौघांत म्हणायचे, आणि म्हणता म्हणता ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

आईचं तसं नव्हतं. आता जिथे आमचा टॉवर उभा आहे तिथे टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती आणि चाळीचं हळदीकुंकू म्हणजे माझी आई. तीस वर्षं. गॅलरीभर सतरंज्या घातलेल्या, बायका काळ्या साड्या नेसून मांडीला मांडी लावून बसलेल्या, मधून वाट काढायची तर "सरक गो जरा" म्हणत पाय उचलून टाकायचे. मसाला दूध द्यायला तेवढी भांडी एका घरात कुठली असणार? मग घराघरातून फुलपात्रं जमा व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी आई दाराशी बसून बुडावरची नावं वाचून ज्याची त्याला परत पाठवायची. भांड्यावर नाव का घालतात ते मला तेव्हा कळलं. हल्ली दुकानात फुलपात्र मागितलं तर "छोटा ग्लास?" असं विचारतात. फुलपात्र म्हणजे छोटा ग्लास नव्हे. त्याला बाहेर वळलेला काठ असतो आणि बुड जरासं खोलगट असतं. बाबांच्या जादूच्या खेळाला त्या दोनच गोष्टी लागायच्या.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागले. जादू ते कोणाकडून शिकले हे विचारलं की दरवेळी वेगळं नाव सांगायचे. कधी मालवणच्या जत्रेतला माणूस, कधी गिरणीतला जोडीदार, कधी "झोपेत सुचली". त्यांच्याकडे पेटी नव्हती, काठी नव्हती, टोपी तर नव्हतीच. चहाचा कटिंग ग्लास, पाण्याचं फुलपात्र, सरबताची बाटली, जे तोंडाला लावायचं तेच हातात घ्यायचं. पाण्याने भरलेला ग्लास पुठ्ठा लावून उलटा करायचे आणि तसाच हवेत धरून शेजाऱ्यांशी पगारवाढीबद्दल बोलत राहायचे. शेजाऱ्याचं बोलण्यात लक्ष कसलं लागतंय.

सहा-सात वर्षांची असेन. एका शनिवारी बाबा मला गाळ्यावर घेऊन गेले होते. बाहेरच्या टपरीवर बाकड्यावर बसून त्यांनी रिकाम्या कटिंग ग्लासला वर्तमानपत्र गुंडाळलं, आणि कागदावर वरून फाडकन हात मारला. कागद सपाट. ग्लास नाही. सगळे हसले, मी रडायला लागले. चहावाल्याचा ग्लास गेला, आता तो बाबांना ओरडणार, एवढंच माझ्या डोक्यात. मग बाबांनी मला कानात सांगितलं. ग्लास आधीच मांडीवर सोडलेला असतो गं. कागदाला त्याचा आकार राहतो, म्हणून तो आत आहे असं वाटतं. बाबा गेले तेव्हा मला हेच आठवत राहिलं. त्यांची खुर्ची, दाराशी त्यांच्या चपला, बाथरूममधला त्यांचा मग, घराला त्यांचा आकार तसाच राहिला होता आणि मी कितीतरी दिवस फसत होते.

बाबा श्रावणात गेले. चार वर्षं झाली. त्यानंतरची जी पहिली संक्रांत आली, तिची ही गोष्ट.

संक्रांतीला पंधरा-वीस दिवस असताना शिल्पा आली. शिल्पा म्हणजे आमच्या मजल्यावरची सून, आता महिला मंडळाची अध्यक्ष. चाळीत नवी नवरी होऊन आली तेव्हा तिचे तिळाचे लाडू दगड व्हायचे, आईने तिला पाक कुठे थांबवायचा ते शिकवलं होतं. तिच्या हातात दोन जड पिशव्या होत्या. तीळ आणि गूळ.

"काकी, लाडवांचं तेवढं तुम्ही बघाल ना? तुमच्या हातचे नसले तर बायका नावं ठेवतात."

"बघतंय," आई म्हणाली.

"आणि दगदग करू नका हां. खाली हॉलमध्ये यायची काही गरज नाही. मी कोणाला तरी वर पाठवते डबे न्यायला."

मी ओट्याशी कांदा चिरत होते. माझी सुरी थांबली. शिल्पा वाईट नाही. ती हे प्रेमाने बोलत होती, म्हणून तर जास्त लागलं.

"वाण किती आणलंस?" आईने विचारलं.

"बेचाळीस. झाकणाचे स्टीलचे मग. यादी करून बरोब्बर बेचाळीस आणलेत, काकी. मागच्या वर्षी एक उरला होता, उगाच."

आईने मान हलवली. चाळीतली, टॉवरमधली प्रत्येक बाई तिला तोंडपाठ. ती मनात मोजत होती, मला कळत होतं. बेचाळीस म्हणजे सवाष्णी. त्रेचाळिसावी ती स्वतः होती आणि ती यादीत नव्हती. शिल्पा दाराशी जाऊन चपला घालायला लागली तेव्हा आई उठली.

"शिल्पा, डबे न्यायला कोणाला पाठवू नको. मीच घेऊन येईन. आणि येतेच आहे तर ह्यांचा फुलपात्राचा खेळ करीन. तुमचे उखाणे झाले की."

"तुम्ही?" शिल्पा म्हणाली. मग घाईने, "हो हो, चालेल ना काकी." तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. पण निघून गेलं होतं.

दार बंद झालं आणि मी सुटले. हा काय प्रकार आहे, लाडू तुझे पाहिजेत आणि तू नको? मी आत्ता ग्रुपवर टाकते. सगळ्यांची वाट लावते. कोण किती पुढारलेपणाच्या गप्पा मारतं ते मला माहितीय. आई कढई शोधत होती.

"टाकू नको काय पण," ती म्हणाली. "भांडून बसले तर रोज भांडून बसायला लागेल."

"मग जायचंच कशाला तिथे? कुंकवासाठी एवढं?"

"माका कुंकू नको गो. ता ह्यांच्याबरोबर गेला, त्याचा काय ता माझा मी बघीन." कढई सापडली. ती गॅसवर ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "माका तिथे बसायचं आहे. तीस वर्षं त्या सतरंजीवर बसलेय. सतरंजी मी धुतलेय. तुझा बाप गेला म्हणून माझी बसायची जागा पण गेली काय?"

मी परत कांदा चिरायला लागले. मला कधी वाटलंच नव्हतं की तिथे बसणं ही मागायची गोष्ट असू शकते. मी ती लाथाडली होती, आणि लाथाडलेल्या गोष्टीची किंमत कळायला दुसऱ्या कोणाला ती हवी असावी लागते.

बाबांची लोकरीची बोरं त्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात निघाली. लालभडक, खऱ्या बोराएवढी, आत बुचाचा तुकडा आणि वरून विणलेलं. विणलेली आईनेच, माझ्या शाळेच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीची. दिसायला तशी म्हणून त्यांना आमच्या घरात बोरंच म्हणायचे. एकूण चार. लोकांना तीन दिसायची. चौथं बाबांच्या मुठीत असायचं, आणि ते मुठीत आहे हे जगात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. खेळ असा: तीन फुलपात्रं उलटी, प्रत्येकावर एक बोर. एकावर दुसरं फुलपात्र दाबलं, उचललं, की बोर बुडातून खाली उतरलेलं. ह्याच्यातलं त्याच्यात, त्याच्यातलं मधल्यात, आणि शेवटी तिन्ही बोरं मधल्याच फुलपात्राखाली.

फुलपात्रं आईने स्वतःची काढली, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, सौ. रत्नप्रभा. मला ते बघवेना. म्हटलं, दुसरी घे ना, ढीगभर आहेत.

"का? ह्यांचा काठ बरा आहे."

"नाव आहे त्याच्यावर."

"मशीनने घातलेलं नाव ते," ती म्हणाली. "पुसत नाय."

खरी अडचण वेगळीच निघाली. बाबांचा तळवा सुपाएवढा, त्यात बोर कुठे जाऊन बसायचं ते दिसायचंही नाही. आईचा हात लहान. त्यातून सांधे सुजलेले, बोटं पूर्ण मिटत नाहीत. पहिल्या दिवशी चौथं बोर इतक्या वेळा पडलं की फ्रिजखालून झाडूच्या दांड्याने ते काढता काढता माझे गुडघे दुखले. तिने तळव्याचा नाद सोडला. अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात धरून बघितलं. तिथे राहिलं. मग त्या दोन बोटांना सवय लागावी म्हणून ती बोर धरूनच भाकऱ्या थापायला लागली, बोर धरूनच फोनवर बोलायची, कपडे वाळत घालताना चिमट्यांबरोबर बोर.

आणि एक गंमत. आईने हा खेळ समोरून कधी बघितलाच नव्हता. चाळीस वर्षं ती बाबांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची. चौथं बोर कधी कुठे जातं ते तिला पाठ होतं, पण समोरच्याला काय दिसतं ते माहीत नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पर्स ठेवून तिच्यासमोर बसायचं हे माझं काम झालं.

"दिसलं."

"कुठे दिसलं?"

"दिसलं म्हणजे दिसलं, आई. डाव्या हातात."

"परत."

परत म्हणजे किती वेळा परत. मी वैतागायचे, ती नाही. तीळ भाजताना ती गॅसजवळून हलत नाही, एकीकडून तडतडला तरी दुसरीकडचा कच्चा असतो म्हणते. तीच तऱ्हा इथे. टक, टक, टक. आठव्या की नवव्या दिवशी मी समोर बसले होते, चहाचा कप हातात, आणि मधलं फुलपात्र उचललं तर तिन्ही बोरं खाली. मला काहीच दिसलं नव्हतं. मला माहीत असून दिसलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती बाबांसारखी तोंड वाकडं करून छताकडे बघत होती, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. बाबा गेल्यानंतर एकत्र रडायची ती पहिलीच वेळ. तोपर्यंत जी ती आपापल्या उशीत.

माझ्या डोक्यात एक भारी आयडिया आली होती. शेवटी बोरांऐवजी कुंकवाचा करंडा काढायचा. शिल्पाच्या ताटातला हळूच उचलून ठेवायचा, मग तिलाच म्हणायचं, उचल गं मधलं फुलपात्र. तिने उचललं, खाली करंडा, सगळ्या बायकांसमोर. मग लावते की नाही बघू. मी हे मोठ्या झोकात सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"फसवायचं ते बोरात," ती म्हणाली. "माणसाला नाय. फसवून लावून घेतलं तर घरी येऊन मीच पुसून टाकीन."

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी बारा वाजता शिल्पाचा फोन. काकी, अजून वीस लाडू होतील का, घरोघरी द्यायला कमी पडतील. आई नाही म्हणेल तर ती आई कसली. परत पाक, परत तीळ. गरम मिश्रण हाताला चिकटू नये म्हणून तूप लावून भराभर वळायचं. मी अर्धा दिवस रजा टाकली होती. चार वाजता आई हात धुऊन काळी, बारीक ठिपक्यांची साडी नेसली. मी डबे उचलले. लिफ्टमध्ये आरशात बघून स्वतःला बजावलं, मी फक्त डबे धरायला आलेय.

हॉलमध्ये एसी लावलेला, तरी अत्तर, अबोली आणि वेलचीचा वास कोंदून राहिला होता. कागदी कपांत मसाला दूध भरून ठेवलेलं. सतरंजी तीच, जुनी, कडेला उसवलेली. मी दाराशीच उभी राहिले. तिथे सातव्या मजल्यावरच्या नलूताईही उभ्या होत्या, नातीला न्यायला आलेय असं तीनदा म्हणाल्या. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. नात आत खेळत होती आणि तिला न्यायची काही घाई नव्हती.

उखाणे झाले. आई टेबलामागे बसली. तीन लाडू पदराखाली मांडीवर घेतले होते, शेवटच्या करामतीसाठी. घरातून निघताना ते ओच्यात घेऊन म्हणाली होती, "बघ, माझी ओटी मीच भरली." मला हसावं की काय करावं कळेना.

बाबा खेळ करताना काहीतरी इंग्रजी-बिंग्रजी पुटपुटायचे. आईने स्वतःचं बोलणं बसवलं होतं, मलाही न सांगता.

"ही तीन घरं," ती फुलपात्रांवर बोट टेकवत म्हणाली. "आणि ह्या तीन घरातल्या तीन बाया. संक्रांत आली. पहिली निघाली हळदीकुंकवाला. दार लावून घेतलंन, जिना उतरली." टक. फुलपात्र उचललं, बोर खाली. बायका पुढे सरकल्या. "दुसरीक राहवतंय काय? ती पण निघाली." टक. कोणीतरी "आई शप्पथ" म्हणालं. मी दाराशी माझ्या पर्सचा पट्टा पिळत होते. दोन झाली, आता तिसरं, तिसरं सगळ्यात अवघड.

आणि चौथं बोर पडलं. बोटांतून सुटलं, टेबलावर एकदा उडालं, खाली गेलं आणि सतरंजीवरून घरंगळत शिल्पाच्या पायाशी थांबलं. टेबलावर तीन तशीच होती. सगळ्यांना मोजता येत होती.

"अय्या, चार आहेत," एक पोरसवदा सून म्हणाली आणि हसली. आणखी दोघी हसल्या. मला वाटलं, आईला उठवावं, घरी न्यावं, पुन्हा ह्या हॉलचं तोंड बघू नये.

आई हलली नाही.

"चार असतातच," ती म्हणाली. "तीन तुमच्यासमोर असतात. नटतात, मिरवतात. चौथं हातात लपलेलं. सगळा खेळ तेच करतं. ते नसलं तर एक बोर ह्या घरातून त्या घरात जायचं नाय." मग शिल्पाकडे हात पुढे केला. "दे ते इकडे."

शिल्पाने बोर उचललं. दोन बोटांत धरून बघितलं, आणि का कोण जाणे, नाकाशी नेलं. "तूप लागलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"वीस लाडू वाढवलेस ना दुपारी. धुतलं तरी जातं काय लगेच."

 शिल्पा उठली, टेबलापाशी आली आणि बोर आईच्या तळव्यावर ठेवलं. तिचा चेहरा मला दिसला. पाक बिघडला की नवी असताना व्हायचा तसा झाला होता. आईने हात पदराला पुसले, चौथं बोर सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं, "आता काय लपवायचं नाय, चारही बघा," म्हणाली, आणि तिन्ही फुलपात्रं एकेक करून उचलली. खाली तीन लाडू.

जो काय आवाज झाला. सगळ्या चौथ्या बोराकडे बघत बसल्या होत्या, आईचा हात मांडीवर कधी गेला आणि कधी आला कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. बोर मुद्दाम पाडलंस काय, असं मी तिला नंतर दहा वेळा तरी विचारलं असेल. दरवेळी एकच उत्तर, "हात तुपाचे होते गो."

मग वाण वाटायला सुरुवात झाली. आई टेबलामागून उठली, गुडघे धरून सावकाश खाली बसली, सतरंजीवर, बायकांच्या रांगेच्या शेवटाला. दोघींनी सरकून जागा दिली. शिल्पा ताट घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत, हातात मग देत येत होती. आईपाशी आली आणि थांबली. खोक्यात हात घालून बघितलं. खोकं रिकामं. बरोब्बर बेचाळीस आणले होते.

"हळद लावू, काकी?"

"लाव."

तिने हळद लावली. मग वळून स्वतःच्या पिशवीतून स्वतःचा मग काढला आणि आईपुढे धरला. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

"हा घ्या."

"तो तुझा," आई म्हणाली. "तुझा नको. पुढच्या वर्षी मोजताना माका धर."

  मग माझ्या शेजारून, दाराशी उभ्या असलेल्या नलूताई म्हणाल्या, "आणि मला." मोठ्याने नाही, पण ऐकू गेलं.

ह्याने जग बदललं असं काही नाही. लिफ्टमध्ये दोघी-तिघी दुसऱ्या दिवशी आईला बघून गप्प झाल्या. एक आजी पुढच्या वर्षीपासून यायच्या बंद झाल्या. पण पुढच्या वर्षी शिल्पाने चव्वेचाळीस वाणं आणली, आणि आई आणि नलूताई जिथे बसायचं तिथे बसल्या. एवढंच झालं. आईला एवढंच पाहिजे होतं, आणि ते तिने भीक न मागता, भांडण न करता, तीन फुलपात्रं आणि दोन सुजलेल्या बोटांच्या जोरावर घेतलं. मी शिकलेली, कमावती, तोंडाची फटकळ. मला हे बारा वर्षांत जमलं नाही. मी नुसती उशिरा निघत राहिले. चार वर्षांत माझं नाव त्या यादीत नाही, कारण मी कोणाला म्हटलंच नाही की मला मोजा. चौथं बोर व्हायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच जाऊन मुठीत बसले होते.

यंदा आईची ती दोन बोटंही मिटत नाहीत. रोज टक टक करते, फुलपात्रं मांडते, उचलते, पण बोर राहत नाही. महिनाभर मागे लागलीय, तू शिक. मी रोज म्हणते, मला वेळ नाही.

काल रविवार. लाडू मी वळत होते, ती टेबलाशी बसून पाकावर लक्ष ठेवून होती. फोन वाजला. हात भरलेले, कोपराने स्पीकर लावला. शिल्पा.

"अगं, वाण आणायला चाललेय. काकींचं एक धरलंय. तुमच्या घरातलं..." ती थांबली. दर वर्षी ती इथे थांबते आणि दर वर्षी मी म्हणते, एकच.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती फुलपात्रं एकात एक घालत होती.

"दोन धर," मी म्हटलं.

"दोन," पलीकडून शिल्पा म्हणाली. ती लिहून घेत असावी. "बरं. दोन."

फोन बंद झाला. आईने तिन्ही फुलपात्रं माझ्या बाजूला सरकवली. त्यावर लाल बोर ठेवलं, चौथं.

"मग आधी हात नीट धुऊन ये," ती म्हणाली. "तूप जाईपर्यंत."